गौरम्माची विहीर आणि आमदारांचा मसुदा

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं दडी मारली. निलंग्याकडच्या एका गावात गावविहिरीचा तळ उघडा पडला. हाकेच्या अंतरावर गौरम्माची विहीर तेवढी तग धरून होती. तिनं एकटीनं जीव लावून वाढवलेला पानमळा वाळू दिला, पण विहिरीवर घागरी घेऊन येणाऱ्या बायकांना अडवलं नाही.

पाण्याचा कायदा करायचा म्हणून आमदारांची समिती गावात आली. गौरम्मा म्हणाली, "विहीरवाल्यानं गावाला पाणी द्यावं, असं लिहा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढं मसुदा आला. गुरुजींनी तो चावडीवर वाचून दाखवला. टंचाईत गावविहिरीजवळच्या खासगी विहिरी बंद ठेवाव्यात, असं त्यात होतं.

"म्हंजी माझीबी?"

"हाव, तुमचीबी."

गौरम्मानं लातूर गाठलं. समितीतले आमदार शिवमूर्तीअप्पा तिच्या माहेरकडचे. ती म्हणाली, "अप्पा, म्या सांगितलं येक, लिहिलं भलतंच."

अप्पांनी तिला बसवलं, पाणी दिलं. "अक्का, तुमचंच ऐकून लिहिलं. आमच्याकडं उसवाल्यांनी शेजारच्या आपल्या विहिरींवर मोटारी लावून गावविहीर आटवली. लेकरं तहानेनं रडताना मी बघितलीत. विहीरवाला म्हटलं की मला तेच दिसतंय."

गौरम्माला ते पटलं, आणि पटलं म्हणून ती जास्तच गोंधळली. "मग असं लिहा, गावाला पाणी देणारी विहीर बंद करू नका."

"उसवालाबी चार घागरी देईल अन् मोटार चालूच ठेवील. त्याला कसं अडवायचं?"

तिनं खूप विचार केला. दोघांचंही खरं होतं. दोन्ही मावतील असं वाक्य काही तिला सुचेना. शेवटी अप्पांनीच कागदावर दुरुस्ती लिहिली: अधिकाऱ्यानं पाहणी करून सूट द्यावी.

"अधिकारी कुठला असंल?" तिनं विचारलं.

"ते कसं सांगू? कुठलाबी असंल."

एसटीत ती तेच घोळवत बसली. कोकणातला असला तर? उसाच्या गावचा असला तर? त्यानं आजवर काय बघितलं असेल?

घरी आली तेव्हा विहिरीवर बायका थांबल्या होत्या. एकीनं विचारलं, "काय ठरलं, गौरम्मा?"

"काय की बाई," ती म्हणाली, "मला काय बी उमजंना. तुम्ही भरा पाणी."