अक्काच्या नाकावरचा डाग
मी लिहिणारा कोण, म्हणून आधीच माफी मागतो. वसतिगृहात कुणी पावडर लावली, की त्या वासानं जळकोटचं घर आठवतं. त्या दिवशी अक्काला बघायला ढोकीचे पाहुणे येणार होते. तिच्या नाकावरचा पांढरा डाग मी पावडरीत हळद अन् गेरू कालवून झाकला. "दिसतंय का रं?" तिनं विचारलं. "जरा बी न्हाय, अक्का." मुलाच्या आईनं तिला कुंकू लावलं, नाकावर सांडलेलं तिनंच मायेनं आपल्या पदरानं पुसलं, अन् पावडरही निघाली. मी पोह्यांच्या ताटल्यांकडं बघत राहिलो. नकार आला, तो डागामुळंच असं आम्ही इतकी वर्षं समजलो. परवा स्टँडवर ते स्थळ आणणारे मध्यस्थ मामा भेटले. म्हणाले, "डागाचं म्या त्यास्नी आधीच सांगितलं व्हतं. पोरगी पसंत व्हती. झाकलेलं आवडलं न्हाय."