चिठ्ठी अगदी स्पष्ट आली होती

त्यांचं नाव फोकसकाका. हे नाव गिऱ्हाइकांनी चिडून ठेवलं होतं, पण काकांनी ते पदवीसारखं मिरवलं. फोटो पासपोर्टचा असो की वाढदिवसाचा, पापणीचा केस न् केस मोजता आला पाहिजे, नाहीतर ते तो कुणाच्या हाती द्यायचेच नाहीत. दोन मिनिटांचं काम म्हणून आलेल्या माणसाला 'हनुवटी वर, अजून जरा, हां, आता हलू नका' करत वीस मिनिटं स्टुलावर खिळवून ठेवायचे.

काका फोटो काढायचे आणि वहिनी ते निस्तरायच्या. थोरला भाऊ गेल्यापासून सोळा वर्षं त्या स्टुडिओच्या आतल्या खोलीत संगणकापुढे बसून लोकांच्या कपाळावरची चमक पुसत होत्या आणि मिटलेले डोळे उघडत होत्या. काकांना संगणकाचं वावडं. पासवर्ड लक्षात राहायचा नाही, आणि चष्मा शोधायचा कंटाळा, म्हणून त्यांनी तो एका पिवळ्या चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता. मेलला तोच, दुकानाच्या ऑनलाइन पानाला तोच, आणि गिऱ्हाइकांचे सगळे फोटो इंटरनेटवर जिथे साठवले होते, तिथेही तोच.

"भाऊजी, ती चिठ्ठी काढा हो," वहिनी म्हणायच्या. "आणि सगळ्या कुलपांना एकच किल्ली कशाला?"

"इथे वाचायला येतंय कोण? तुम्ही आणि मी!"

फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वहिनींनी एक हार्ड डिस्क मागितली होती. एकदा नाही, तीनदा. काका दर वेळी "बघू" म्हणाले आणि त्या पैशांतून स्वतःसाठी नवी लेन्स घेऊन आले.

एका मंगळवारी सकाळी वहिनींना मेल उघडेना, पान उघडेना, काहीच उघडेना. दुपारी काकांच्या फोनवर निरोप आला, की पैसे पाठवा, नाहीतर सगळे फोटो पुसतो. काकांनी तावातावाने चार शिव्या लिहून पाठवल्या. संध्याकाळपर्यंत चार वर्षांचे फोटो गेले. कुणाचे लग्नातले, कुणाच्या बाळाचे, कुणाच्या आजारी आईचे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं जमली. आवाज चढले. काका घाबरले, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. "आमच्या वहिनींनी कसला तरी मेल उघडला," ते मोठ्याने म्हणाले. "किती सांगितलं तरी लक्ष कुठे असतं!"

आतल्या खोलीत वहिनी सगळं ऐकत होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी कुरिअरचा म्हणून आलेला एक मेल उघडला होता खरा. तो साधाच होता, पण ते त्यांना कोण सांगणार? खापर त्यांनी आपल्याच हातांनी डोक्यावर फोडून घेतलं.

चार दिवसांनी संगणक दुरुस्त करणारा आला. दुकानाचं पान त्याने खटपट करून परत मिळवलं. मग ते चाळता चाळता थांबला. वहिनी तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या.

"काका, दुकानाचा हा फोटो कुणी काढलाय?"

"मीच! नव्या लेन्सने. बघ, मागच्या भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतोय."

त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. काउंटर, त्यामागे आतल्या खोलीचं उघडं दार, दारातून दिसणारा संगणकाचा पडदा आणि पडद्याच्या कडेची पिवळी चिठ्ठी. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दोन महिने हा फोटो साऱ्या जगापुढे टांगलेला होता.

"फोकस मस्त आहे," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण काकांना कानफटात बसल्यासारखं झालं.

"कुणाला बोलू नकोस," एवढंच ते म्हणाले.

त्याने मान हलवली. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लावून दिला, आत जाताना फोनवर कोड येईल अशी सोय केली, आणि यापुढच्या फोटोंची एक प्रत नव्या डिस्कवर घेऊन ती घरच्या कपाटात ठेवायला सांगितलं. काकांनी तो फोटो पानावरून काढला, चिठ्ठीचे तुकडे केले आणि मूग गिळून बसले.

त्यानंतर वहिनी आधी विचारल्याशिवाय संगणकाला हात लावेनात. "भाऊजी, हा मेल उघडू का?" "भाऊजी, हे दाबू ना?" सोळा वर्षं ज्या बाईने त्यांचं दुकान चालवलं, ती शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी परवानगी मागत होती. दर वेळी काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि दर वेळी ते नुसतं "हं" म्हणायचे. उद्या सांगू, म्हणायचे. असे नऊ दिवस गेले. खोटं बोलायला त्यांना एक क्षण पुरला होता.

दहाव्या दिवशी वहिनींनी दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली.

"दुसरं कुणी बघा, भाऊजी. माझ्या हातून पुन्हा काही झालं, तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

काका किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी कॅमेरा काढला, तो फोटो शोधला, मोठा केला आणि वहिनींपुढे धरला. "मी," ते म्हणाले. "तुम्ही नाही. मीच. मला नऊ दिवसांपासून माहीत आहे."

वहिनींनी बराच वेळ फोटो पाहिला.

"खिळासुद्धा दिसतोय," त्या म्हणाल्या.

मग पिशवीतून त्यांनी एक वही काढली. ज्यांचे फोटो गेले होते, त्यांतल्या अकरा घरांचे पत्ते तिच्यात लिहिले होते, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण होती.

"मी या सगळ्यांकडे जाऊन माफी मागून आले," त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

काकांनी वही उचलली. दुकान तसंच उघडं टाकून ते निघाले. पहिला पत्ता बेकरीवालीचा होता. आईच्या शेवटच्या वाढदिवसाचे तिचे फोटो गेले होते. तिने पिठाच्या हातांनी दार उघडलं.

"वहिनी येऊन गेल्या की," ती म्हणाली. "त्यांना बोलू नका हो, काका. चूक काय, कुणाच्याही हातून होते."

जगाला हनुवटी वर करायला लावणाऱ्या काकांना स्वतःची हनुवटी वर करता येईना. "त्यांच्या हातून झालीच नाही," ते पायरीकडे बघत म्हणाले. "माझ्या हातून झाली. नाव मी त्यांचं घेतलं."

बेकरीवालीने पिठाचे हात पदराला पुसले.

"अहो, पण त्या इथे बसून रडल्या," ती म्हणाली. "इतक्या रडल्या, की माझी आई बाजूला राहिली, मीच त्यांना पाणी दिलं."

काकांनी वही पुन्हा उघडली; अजून दहा घरं बाकी होती.