हातोडा सर आणि तीस हजार एकतीस

हातोडा सरांच्या मुठीने टेबलाच्या फळीला खड्डा पडला होता. अकोल्यातल्या त्यांच्या गणिताच्या शिकवणीत खडूपेक्षा मूठच जास्त चाले. उत्तर चुकलं की आधी टेबल हादरायचं, मग डस्टर अंगावर यायचं. त्यांची ही मारकी रीत मला कधी मान्य नव्हती. आजही नाही.

नव्या पोरांसमोर ते पहिल्याच दिवशी एक संख्या फळ्यावर आपटत: ३००३१. "बोला बे, मूळ का संयुक्त?" आम्ही दोनने भागलं, तीनने, पाचाने, साताने, अकराने, तेराने. दर वेळी बाकी एक. "मूळ!" आम्ही ओरडलो. मूठ आदळली. "तेरावर थांबला काहून? दम लागला? वर्गमूळ एकशे त्र्याहत्तर निघते, तिथवर एकेक मूळ संख्या लावून पाय, मंग तोंड उघड!" एकोणसाठवर ती फुटली. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. "तपासल्याबिगर कोनाले जात चिकटवाची नाही," सर गुरगुरले. "संख्येले बी नाही."

एका संध्याकाळी रस्त्यावरच्या मिरवणुकीत दगड पडला. शिकवणीच्या गच्चीवरून आला, असं कोणीतरी म्हणालं आणि जमाव जिना चढून आला. आमच्यात इरफान होता, बार्शीटाकळीहून रोज येणारा.

"त्यायचं पोट्टं बाहेर काढा, सर."

सर दारात आडवे झाले. "दगड मारताना त्याले पायलं कोनं?"

"पाहाचं काय त्यात? सारे तसेच."

"दुपारपासून मायासमोर बसून हाये तो. कोनं पायलं, ते सांग!"

उत्तरादाखल लोखंडी सळई आली. सरांचा डावा डोळा गेला. तशाही अवस्थेत त्यांनी समोरच्याच्या जबड्यावर मूठ हाणली. मग दोघांनी त्यांचे हात धरले आणि बाकीच्यांनी लाथा घातल्या. ते पडले तेही उंबऱ्यावरच. पोलीस येईपर्यंत त्यांना ओलांडून कोणी आत आलं नाही.

पुढे पोलिसांनी पकडलेल्यांची ओळख पटवायला बोलावलं, तेव्हा इरफान आणि मी सरांना घेऊन गेलो. वाटेत इरफान दातओठ खात म्हणाला, "साऱ्यायलेच अडकवा, सर. सारे एकच आहेत."

सरांनी उरलेला डोळा त्याच्यावर रोखला. "तू बी, इरफान?"

त्याचा राग माझाही होता.

रांगेपुढून सर सावकाश गेले. "यानं सळई घातली. या दोघायनं हात धरले." शेवटच्या पोरापाशी ते बराच वेळ थांबले. "हा नुसता उभा होता. यानं मारलं नाही."

शिकवणी पुन्हा उघडली नाही. सर बडनेऱ्याला बहिणीकडे राहायला निघाले. इरफानने त्यांची पेटी गाडीत चढवली, पण तो अजून धुमसत होता. "सर, रांगेतलं ते शेवटचं पोट्टं तमाशा पाहत उभं होतं. त्याले सोडाचं नव्हतं."

सरांची मूठ गुडघ्यावर आवळलेली होती.

"मले तरी कुठी सोडाचं होतं, बापू?"