ठंडा तार

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात अध्यक्षांच्या नावाची पाटी बसली, तेव्हा तिथले तीन दिवे बंद होते. ते तसेच राहिले. पाटीवर मात्र खास नवा दिवा लागणार होता. संगमरवर भेडाघाटचा, अक्षरं सोनेरी.

जबलपुरातले वीजमिस्त्री न्यूट्रलला, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेला, ‘ठंडा तार’ म्हणतात. एवढ्या एका शब्दावर अध्यक्षांनी विजेचं अख्खं शास्त्र उभारलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी पाटीच्या कडेनं गेलेली ती तार त्यांना खुपली.

“बिजली तर दिव्यातच संपून राहिली भैया, मग हे काहून लटकवलं?” म्हणत त्यांनी मिस्त्रीचीच पक्कड उचलली.

मिस्त्री शिडीवरून म्हणाला, “साहब, ठंडा तभी तक ठंडा है, जब तक जुड़ा है.”

तोवर तार तुटली होती. मी शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून बोललो : करंट दिव्यात संपत नाही, जातो तेवढाच परत येतो, दिव्याला मिळते ती ऊर्जा, आणि वाट पुरी असेल तरच मिळते.

“सर, ते पुस्तकात,” अध्यक्ष म्हणाले आणि तार पुन्हा जोडू दिली नाही. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला पुस्तकं लागत नाहीत.

संध्याकाळी फीत कापली, बटण दाबलं. अंधार. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, “मिस्त्रीनं काम कच्चं केलं. आता दुसरा बघू.”

मिस्त्री शहपुऱ्याहून येतो. मंडळाचं काम हाच त्याचा कायमचा आधार. तो पुढे आला आणि दिव्याकडच्या तुटक्या टोकाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

“ठंडा है ना साहब? पकड़ लीजिए.”

अध्यक्षांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी मंडळाचा चिटणीस. रात्री अध्यक्षांचा हुकूम आला : दिवा मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे लागला नाही, असं इतिवृत्तात लिहा. कार्यकारिणी ते वाचूनच त्याला काढणार होती. मी लिहिलं, ‘दिव्याची न्यूट्रल तार माननीय अध्यक्षांच्या शुभहस्ते तोडण्यात आली, सबब दिवा लागला नाही.’

त्यांनी ‘शुभहस्ते’पर्यंत वाचलं, समाधानानं मान हलवली आणि सही केली. कार्यकारिणीनं मात्र शेवटपर्यंत वाचलं. मिस्त्री अजून येतो.