पाहुण्यांची केळी, घरची केळी

"आधी खा, मंग बोल."

अक्कांच्या या वाक्यातून कुणीही सुटलं नाही. मीटर तपासायला आलेला वायरमन भरीत-पुरी खाऊन गेला आणि जाताना अक्कांच्या कारखान्याच्या शेडमधला बंद पडलेला पंखा फुकटात चालू करून गेला. भांडायला आलेला एक व्यापारी दुसऱ्या भाकरीला मवाळ झाला आणि तिसरीला आपण कशासाठी आलो होतो तेच विसरला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नसेल, तर तुमच्या पोटाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

जळगावात माझं लहान उद्योगांना प्रोजेक्ट रिपोर्ट करून देण्याचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि सराईत जीभ. अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी टेबलावर स्टीलचा डबा ठेवला, मी तो संपवेपर्यंत गप्प बसल्या आणि मग डब्याच्या जागी स्वतःचे दोन्ही तळहात मांडले. तव्याच्या बुडासारखे काळे.

"हा केयाचा चीक, भाऊ. साबनानं जात नाही, लिंबानं जात नाही. माह्या शेडातल्या साऱ्या बायायचे हात असेच. लग्नात गेल्या तं हात पदराखाली."

नशिराबादला अक्कांचा केळीच्या वेफर्सचा कारखाना होता. ट्रकवाले सरळ, लांब, देखणी केळी उचलून नेत. मागे उरत ती बुटकी आणि वाकडी. ती अक्का घेत. पण कच्चं केळं सोलायचं हातानं, आणि गावातल्या नव्या सुना म्हणू लागल्या होत्या, की आम्ही हात काळे करून घ्यायला येणार नाही. जुन्या बाया थकत चाललेल्या. सोलणारे हातच उरले नाहीत तर शेडला कुलूप, इतकं ते सरळ होतं.

मग अक्कांनी धरणगावच्या एका लेथवाल्याला महिनोन्महिने जेवू घालून त्याच्याकडून सोलायचं यंत्र बनवून घेतलं. दोन रबरी रूळ, मध्ये पातं, सायकलच्या सीटखालच्या स्प्रिंगा. ते केळं सोलायचं, पण दहा मिनिटांत धापा टाकायचं. चांगल्या स्टीलचं, चांगल्या मोटरचं यंत्र हवं होतं. बँकेनं सांगितलं, त्या यंत्राचं कोटेशन आणा. आता जगात जे यंत्रच नाही त्याचं कोटेशन कोण देणार? ब्रह्मदेव?

तेवढ्यात मला सरकारी योजना सापडली. लहान उद्योगांनी काही नवं शोधून काढलं, तर ते तडीस न्यायला सरकार अनुदान देणार होतं. मी अर्ज भरायला बसलो. पहिलाच प्रश्न, यात नावीन्य काय?

"आधी कोनी केलं असतं तं माहे हात काये राह्यले असते का?" अक्का तळहात पुढे करून म्हणाल्या.

मी हेच वाक्य जरा इस्त्री करून लिहिलं.

यथावकाश पुण्याहून समिती आली. एक वयस्क प्राध्यापक, एक मॅडम आणि एक तरुण अधिकारी. यंत्र आधी पाहू, असं प्राध्यापक म्हणाले. अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते निमूटपणे पाटावर बसले. भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, शेवभाजी. तरुण अधिकाऱ्याच्या डोळ्यांना तिखटानं धार लागली, तरी अक्का वाढतच राहिल्या. आम्ही उठलो तेव्हा समिती चालत होती म्हणण्यापेक्षा तरंगत होती.

आम्ही यंत्राजवळ गेलो. तिथे टोपलीत केळी मांडली होती. लांब, सरळ, एकसारखी, हार घालावा अशी. अक्कांनी ती खास रावेरहून मागवली होती.

"अक्का," मी कुजबुजलो, "ही कुठली केळी?"

"पाहुन्यायपुढे वाकडी मांडू का? लोक काय म्हनतीन?"

अहो, पण यंत्राच्या रुळांमधलं अंतर, स्प्रिंगांचा ताण, सगळं त्या बुटक्या केळ्यांच्या मापाचं. आमच्याकडे रीतच अशी, की चांगलं ते पाहुण्याला आणि राहिलं ते घरच्यांना. अक्कांनी रीत पाळली आणि यंत्र सुरू केलं. पहिलं राजबिंडं केळं रुळांत गेलं, अडकलं, दुसरं त्याच्या अंगावर गेलं, आणि पलीकडून हिरवट लगदा बाहेर आला. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. तरुण अधिकाऱ्यानं वही मिटली.

कोपऱ्यात गोणपाटाखाली वाकड्या केळ्यांचा ढीग होता. मी तिकडे वळलो, तर अक्का आडव्या आल्या.

"नाही म्हनते ना, भाऊ. अनुदान गेलं तं गेलं. इतक्या लांबून आलेल्या मानसायले ते दाखवू?"

ओसरीत सोलणाऱ्या बाया पदराखाली हात घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एकही अक्कांविरुद्ध बोलणार नव्हती. मीही नव्हतो. एवढं जेवल्यावर कोणत्या तोंडानं बोलणार?

तेव्हा त्या मॅडम पुढे झाल्या. "अक्का, जेवताना तुम्ही मला म्हणालात, लाजू नको, आपलंच घर आहे. मग आम्ही पाहुणे की घरचे?"

अक्का पेचात पडल्या. आपला शब्द फिरवणं त्यांना वाकडं केळं दाखवण्यापेक्षा जड होतं. शेवटी त्यांनी स्वतःच गोणपाट ओढलं.

"घरचेच व्हा मंग. नावं ठेवू नका."

बुटकी, वाकडी, डाग पडलेली केळी रुळांत गेली आणि सोलून पलीकडे येऊ लागली. प्राध्यापकांना राहवेना. त्यांनी बाह्या सरसावून एकेक केळं हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. गाडीत बसताना त्यांची बोटं काळी पडत होती. ते रुमालानं घासत होते.

"नाही जात," अक्का समाधानानं म्हणाल्या.

अनुदान आलं. सरकारी चालीनं आलं, पण आलं. नवं यंत्र बसलं, नव्या सुना कामाला येऊ लागल्या. अक्कांचे स्वतःचे हात मात्र काळेच राहिले. यंत्रातून चुकून सुटलेलं केळं त्या टोपलीशी बसून सोलायच्या. मी कितीदा म्हटलं, "अक्का, आता कशाला?" त्या म्हणायच्या, "तू खाय."

गेल्या थंडीत अक्का गेल्या.

परवा एका नव्या योजनेचे कागद घेऊन मी शेडवर गेलो. यंत्र चालू होतं. वाकडी केळी रांगेनं आत जात होती. कुणाच्या तरी घरी लग्न असावं, बायांच्या हातांवर लालभडक मेंदी होती आणि त्या हात उघडे टाकून हसत काम करत होत्या. अक्कांच्या जागी त्यांची सून बसली होती. हुशार, नीटनेटकी. तिनं मला खुर्ची दिली, मोबाइल बाजूला ठेवला आणि आदरानं विचारलं,

"बोला भाऊ, काय काम काढलं?"

मी कागद काढले. त्या शेडमध्ये उपाशीपोटी बोलायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. काय काम होतं, ते मला काही केल्या आठवेना.