गप्प माती

निर्मलाताई जमिनीला कान लावायच्या. सातपूरला आमच्या पॅकिंग तपासणीच्या लॅबमागे मोकळी जागा होती. तिथे भर दुपारी पदर खोचून त्या मातीवर आडव्या झालेल्या पाहिल्या, तेव्हा मला वाटलं, बाईंना भोवळ आली. धावत गेलो, तर तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "गप ऱ्हा. माती जेवती हाय."

खाली उसाच्या चिपाडाचे ट्रे, पानांचे द्रोण पुरलेले असायचे. प्लॅस्टिकऐवजी झाडापासून केलेलं जे सामान यायचं, ते पुरायचं आणि काही महिन्यांनी उकरून काय उरलं ते बघायचं, हे आमचं काम. कारखानदार गोडगोड बोलायचे. ताई म्हणायच्या, "झाडाचं म्हंजी चांगलंच, असं कुणी सांगितलं? मातीला इचारू." मखमलाबादच्या मळ्यातली बाई, ऑफिसातही भाषा बदलली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा धाकटा भाऊ वसंता मक्याच्या पिठापासून केलेल्या पिशव्या घेऊन आला. वाटणीचा मळा विकून त्याने यंत्र घेतलं होतं. "प्लॅस्टिक थोडंसंच मिसळलंय ताई, ते बी विरघळतंय." त्याचा सगळा धंदा ताईंच्या सहीवर अडलेला.

पावसाळा सरल्यावर ताई त्या पिशव्या पुरलेल्या खड्ड्यावर वाकल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. "तू ऐक." मी हसतच कान लावला. आधी द्रोणांच्या खड्ड्याला. तिथे बारीक कुरकुर चालली होती, देवाशपथ! मग पिशव्यांच्या खड्ड्याला. इथे काहीच नाही. पलीकडच्या कंपनीतल्या प्रेसचा दणदणाटसुद्धा बंद. कुणीतरी माझा कान दाबून धरल्यासारखं वाटलं आणि अंगावर सरसरून काटा आला. उकरलं, तर मका तेवढा गेलेला, प्लॅस्टिकची जाळी शाबूत. आसपास एक गांडूळ नाही.

ताईंनी पिशवी नापास केली आणि ढसाढसा रडल्या. वसंताने बोलणंच टाकलं. राखीला त्या दारात उभ्या राहायच्या. तो फिरकायचा नाही. मला त्याचा भारी राग यायचा.

काही वर्षांनी ताई गेल्या. रामकुंडात अस्थी विरघळतात, अशी आपल्याकडे श्रद्धा. वसंता अस्थी घेऊन आला तो आपल्याच एका जुन्या पिशवीतून. गुरुजी ओरडले, "अहो, पिशवी नका सोडू!"

"विरघळंल. मक्याची हाय." हट्टाने त्याने पिशवीसकट अस्थी सोडल्या. काय म्हणावं या माणसाला!

अस्थी तळाला गेल्या. पिशवी मात्र फुगून वर आली आणि वारा नसताना सावकाश त्याच्याच पायाशी येऊन थांबली. घाटावरची गर्दी, घंटा, मला काही ऐकू येईना. वसंता गुडघ्यांवर बसला, थेट ताईंसारखा वाकला आणि पिशवीला कान लावला.

"गप्प हाय गं, ताई," म्हणाला आणि तिथेच हुंदके देऊ लागला.