रिकामी या शब्दाखालची रेघ

"ह्याचा अर्थ कुठं ऱ्हातो?"

एखाद्या शब्दावर उजव्या हाताचं बोट टेकवून काका असं विचारत. माणसाचा पत्ता विचारावा तसं. शब्द कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा असला तरी बोट टेकवायचेच. त्यामुळे त्यांची काच कायम तेलकट असे, आणि ती पुसायची कुणी यावरून माझं नि त्यांचं रोज वाजे.

पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली मूर्ती घडत, वर आम्ही परदेशातल्या शास्त्रीय मासिकांची पानं लावायचो. लेखात एखादी संज्ञा आली, की तिच्यावर क्लिक करणारा थेट तिच्या व्याख्येपाशी पोचला पाहिजे. ही जोडणी करणं हे काकांचं काम. आम्ही तिला लिंक म्हणायचो, काका 'दुवा' म्हणायचे. आमचे मालक म्हणत, "काका दिवसभर जगाला दुवा देतात आणि पगार तेवढा माझ्याकडून घेतात." काका हसत नसत. कामाच्या वेळी हसू नये असं त्यांचं मत होतं, त्यामुळे त्यांच्या वाटचंही आम्हीच हसून घ्यायचो.

ते पेणजवळच्या गडब गावचे. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवलेले, कॉम्प्युटर पन्नाशीला आल्यावर शिकलेले. इंग्रजी बेताचंच, त्यामुळे चुकायचेही. एकदा बॅटरीवरच्या लेखातला 'सेल' त्यांनी शरीरातल्या पेशीच्या व्याख्येला जोडून दिला. तिकडून तक्रार आली, आम्ही पोट धरून हसलो. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या हो काका, केली ना दुरुस्त." तर म्हणाले, "शब्द दुसऱ्याच्या घरात शिरला आनि तू म्हणतेस जाऊ द्या."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यापुढे साधं 'जरा वेळानं करते' म्हणायचीही चोरी होते, कारण लगेच 'जरा म्हंजे?' येतं. संध्याकाळी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणायचा, "गाडी येतेय." काका त्याला सोडत नसत. "येतेय म्हंजे कुठं हाय? पनवेल सोडलंय, का अजून डेपोतच हाय?" तो बिचारा काकांना लांबून पाहिलं की खिडकी ओढून घ्यायचा.

त्यांचा एक नियम होता. अर्थ एकदाच सांगायचा, एकाच जागी, आणि बाकी सगळीकडून तिकडे बोट दाखवायचं. "दोन जागी सांगितला की त्याचे दोन अर्थ व्हतात. मंग भांडणं," असं ते म्हणत. नियम चांगला होता. आजही या कामात तो चांगलाच मानतात.

एकदा रोह्याकडच्या एका रसायनाच्या कंपनीचं काम आलं. कामगारांसाठी सुरक्षिततेची मराठी पुस्तिका करायची होती. ती कंपनीतल्या कॉम्प्युटरवर वाचली जाईल, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. मजकूर कुणी लिहिला होता कोण जाणे, पण फार पाल्हाळ. टाकी साफ करायच्या प्रकरणात तर प्रत्येक वाक्यात 'रिकामी (म्हणजे माल काढून, आतून धुऊन, आतली हवा तपासलेली) टाकी' असं लिहिलेलं. वाचता वाचता धाप लागायची. काकांनी ते सगळे कंस काढले. शेवटच्या पानांवर 'शब्दांचे अर्थ' असं वेगळं प्रकरण केलं, तिथे 'रिकामी'चा अर्थ एकदा नीट लिहिला, आणि पुस्तिकेतल्या प्रत्येक 'रिकामी'खाली निळी रेघ देऊन तो त्या अर्थाला जोडला. सुटसुटीत झालं, असं आम्ही सगळेच म्हणालो. साहेबही खूश झाले.

पुढच्या पावसाळ्यात पेपरात बातमी आली. टाकी साफ करायला उतरलेला एक कामगार आत गुदमरून गेला होता. कंपनीचं म्हणणं असं, की सूचना लेखी दिलेल्या होत्या, त्यानं त्या पाळल्या नाहीत.

थोड्या दिवसांनी कंपनीतला एक कारकून दुसऱ्या कामासाठी आमच्याकडे आला. काकांनी त्याला विचारलं, लेखी सूचना म्हणजे नक्की काय दिलं होतं? त्यानं पिशवीतून चार झेरॉक्स पानं काढली. कामगारांना कॉम्प्युटर कुठला, टाकीचं प्रकरण तेवढं छापून वाटलं होतं. शेवटची पानं त्यात नव्हती. निळी रेघ झेरॉक्समध्ये काळी आली होती.

काकांनी शब्दावर बोट टेकवलं. मग पुढच्या 'रिकामी'वर, मग त्याच्या पुढच्या. काही विचारलं नाही त्यांनी. मला फार भीती वाटली त्या दिवशी त्यांची.

रविवारी ते त्या कामगाराच्या घरी जाणार म्हणाले. एकट्यानं जाऊ नये म्हणून मी बरोबर गेले. रोह्याच्या पुढे रिक्षा करून त्या गावात पोचलो. ओटीवर त्याचे म्हातारे वडील बसले होते. सून बाहेर आली.

"कंपनीतले का?"

"नाय," काका म्हणाले. "ते पुस्तक हाय ना, ते आमी केलं."

ती आत जाऊन चहा ठेवून आली आणि दारात बसली. "वाचायचे ते," ती मला म्हणाली. "जेवनं झाली की मोठ्यानं वाचायचे. रिकामीच्या खाली रेघ व्हती. म्हणायचे, बघ गो, ह्ये म्हत्त्वाचं हाय म्हनून रेघ मारलीय. टाकी खरंच रिकामी झाली का ते दोन-दोनदा वाकून बघायचे."

"घाई केली त्यानं," म्हातारा म्हणाला. "ल्हानपनापासून घाईच त्याला."

सुनेनं मान खाली घातली. हे वाक्य त्या घरात रोज ऐकू येत असणार. कंपनी म्हणत होती, गाव म्हणत होतं, आता बापही म्हणत होता.

काका म्हाताऱ्याकडे वळून बसले. "बाबा, घाई नाय केली त्यानं. ती रेघ म्हत्त्वाची म्हनून नव्हती. ह्याचा अर्थ मागच्या पानावर हाय, तिकडं जाऊन बघा, अशी ती खूण व्हती. मागचं पान त्याला कुनी दिलंच नाय. माल काढला म्हंजे टाकी रिकामी, असं नव्हतं. धुवायची, आतली हवा तपासायची, मंग रिकामी. ह्ये पयलं पानोपानी लिवलेलं व्हतं. मी काढलं."

म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे पोरानं वाचलं तसंच केलं?"

"व्हय."

"त्याचं चुकलं नाय?"

"नाय."

"मंग कुनाचं चुकलं?"

"माझं."

मला मध्ये बोलायचं होतं. झेरॉक्स कुणी काढली, हवा तपासायला यंत्र घेऊन कुणी उभं राहायला हवं होतं, असं बरंच काही. काकांनी हातानंच मला गप्प केलं. आत चहा उकळल्याचा वास येत होता.

म्हातारा सुनेला म्हणाला, "ह्यांना चहा नको देऊ."

ती उठून आत गेली, स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. आम्ही उठलो. अंगणात ती मागून आली आणि काकांकडे न बघता मला म्हणाली, "ताई, आता बाबांना बोलले ते हे कंपनीतपन बोलतील का? चार मानसांसमोर?"

"बोलतो," काका म्हणाले.

आणि बोलले ते. कंपनीच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? पुस्तकाला कोण विचारतं?" मग काका त्या गावातही जाऊन बोलून आले. आमच्या मालकांनी त्यांना काढलं नाही, पण त्या कंपनीचं काम हातचं गेल्यावर त्यांच्याशी नीट बोलणंही सोडलं. काकांनी कुणी न सांगता त्या पुस्तिकेत सगळे कंस परत घातले, एकेक करून, हातानं. कंपनीनं ती घेतली की नाही मला माहीत नाही. ते झाल्यावर काका ऑफिसात यायचे थांबले. दोन वर्षांनी गेले, तेव्हा मला चार दिवसांनी कळलं.

पण मला ते आठवतात ते त्या रविवारचे. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मला म्हाताऱ्याचा राग आला होता. दारी आलेल्या माणसाचा असा अपमान करतात का, असं काहीतरी मी पुटपुटत होते.

"तसं नको बोलू," काका म्हणाले. "चहा नाय दिला ते बरं केलं त्यांनी. दिला असता तर मी प्यालो असतो, आनि मोकळा झालो असतो."

गडब आलं, आणि ते उतरले.